रिकाम्या बरणीचा गुन्हा

१

बरणी फुटली होती यात कुणालाच नवल वाटलं नाही. हेमलॉक बे गावाच्या प्राथमिक शाळेत काहीही फुटलं, की आधी तिसरीच्या वर्गातल्या रूडी लॅम्पिनेनचं नाव निघायचं, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असायचं. या वेळी तर तो काचांच्या मधोमध उभा असलेलाच सापडला होता.

लेनोर हाताया त्या सकाळी बर्फातून गाडी हाकत आली तेव्हा काचा झाडून झाल्या होत्या. लेनोर शाळेची मानसतज्ज्ञ. तशी ती चार शाळांची होती आणि या शाळेच्या वाट्याला फक्त गुरुवारी यायची. केस पिकलेले, जीभ तिखट, आणि बुटांवरचा बर्फ झटकायच्या आत कामाला लागायची सवय. मुख्याध्यापक कर्टिस वेनडॉर्फ दारातच उभा होता. तिच्यापेक्षा वयानं बराच लहान, सरळ मनाचा माणूस, पण या नोकरीनं त्याच्या कपाळावर अकाली आठ्या आणल्या होत्या.

"लेनोर, आज तुमची सही हवी आहे," तो म्हणाला. "दुपारी रूडीच्या आईला बोलावलंय. त्याला शहरातल्या खास वर्गात पाठवायचं ठरलंय."

शहर बसनं दोन तास. हिवाळ्यात त्याहून जास्त. आठ वर्षांचं पोर अंधारात निघणार आणि अंधारातच परतणार. लेनोरनं कोट काढलाच नाही. नक्की झालं काय ते आधी सांग, असं ती म्हणाली.

झालं होतं ते असं. कोरीन बोडेटबाईंच्या वर्गात लोणच्याची एक मोठी काचेची बरणी असायची. कुणाच्या तरी आजीनं तिला लोकरीचं जाकीट विणून दिलं होतं, त्यामुळे आत किती भरलंय ते बाहेरून दिसायचं नाही. वर्गात कुणी काही चांगलं केलं, की बाई सरोवराच्या काठावरून आणलेला एक खडा त्या बरणीत टाकायच्या. बरणी भरली की सगळ्या वर्गानं टेकडीवर जाऊन दिवसभर घसरगाड्या खेळायच्या. शाळा उघडल्यापासून पोरं त्यासाठी झटत होती, आणि आता बरणी गळ्यापर्यंत आली होती. आज सकाळी रूडीनं ती जमिनीवर आपटली. त्याला आवरायला धावलेल्या मदतनीसाच्या मनगटाला त्यानं ढकललेली खुर्ची लागली.

"आणि खडे?" लेनोरनं विचारलं.

कर्टिस जरा घुटमळला. "तेच कळत नाही. काचा सगळ्या सापडल्या. खडा एकही नाही."

२

मदतनीस व्हर्लिन टुओमी शिक्षकांच्या खोलीत मनगटावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. धिप्पाड माणूस, पूर्वी लाकूडतोडीच्या कामावर होता. लाकडं बरी होती, मागं वळून लाथ मारत नव्हती, असं तो म्हणायचा. रूडीची बस सगळ्यांच्या आधी येते. तो वर्गातच न्याहारी करतो आणि व्हर्लिन त्याच्यासोबत बसतो. आज दूध आणायला तो स्वयंपाकघरात गेला होता, तेवढ्यात आवाज झाला.

"तेवढ्या वेळात त्यानं एवढे खडे नेले कुठं?" लेनोर म्हणाली.

"खिडकीतून फेकले असतील."

लेनोर वर्गात जाऊन खिडक्या बघून आली. थंडी आत येऊ नये म्हणून त्यांच्यावर ताणून लावलेलं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. कचऱ्याचा डबा, सिंक, रूडीचं दप्तर, सगळं सकाळीच तपासून झालं होतं. खडे वितळत तर नाहीत. तिनं कोट काढून खुंटीला अडकवला. म्हणजे आता ती लवकर जाणार नव्हती.

शेजारच्या वर्गाच्या बर्नाडीन रोस्कॅमबाई म्हणजे या शाळेतलं जुनं हाड. बरणीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. चांगलं वागण्याबद्दल मुलांना बक्षीस कसलं द्यायचं, ही तर लाच झाली, असं त्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलल्या होत्या. काल संध्याकाळी शाळेतून शेवटी बाहेर पडल्या त्याही त्याच.

"माझ्याकडे अशी बघू नकोस, लेनोर," त्या म्हणाल्या. "त्या खड्यांचा खळखळाट बंद करावा असं माझ्या मनात शंभरदा आलंय. पण मी केलं असतं तर सांगून केलं असतं."

हे मात्र खरं होतं. बर्नाडीनबाईंनी आयुष्यात काही गुपचूप केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सकाळी काय ऐकलं, असं लेनोरनं विचारलं.

"काच फुटल्याचं ऐकलं. मग ते पोर ओरडलं. खड्यांचा आवाज नाही. भिंतीपलीकडं एक खडा पडला तरी माझ्या डोक्यात वाजतो. बरणीभर ओतले असते तर कळलं नसतं होय?" मग त्यांनी नाक मुरडलं. "आणि तुला एक सांगते. तुमची ती कोरीन, जिचे सगळे गोडवे गातात, तिचा वर्ग या आठवड्यात पार हाताबाहेर गेलाय. दंगा, टेबलं बडवणं, नको ते. सगळी पोरं बिघडली आहेत."

"रूडीमुळे?"

"तेच तर. रूडी सोडून सगळी."

३

लेनोर वर्गाच्या मागच्या बाजूला एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसली. कितीतरी वर्षं ती अशीच वेगवेगळ्या वर्गांत बसत आली होती. ओरडणारे शिक्षक तिनं पाहिले होते, विनवण्या करणारे पाहिले होते, टेबलावर पट्टी आपटणारेही. कोरीन बोडेट यांतलं काहीच करत नसे, आणि तिचं काम बघणं लेनोरला मनापासून आवडायचं.

तिसऱ्या रांगेतला एक मुलगा टेबल बडवायला लागला. कोरीन शिकवता शिकवता चालत त्याच्याजवळ गेली आणि नुसती उभी राहिली. शिकवणं थांबलं नाही, आवाज चढला नाही. मुलाचे हात आपोआप खाली आले. खिडकीजवळची मुलगी खुर्चीत चुळबुळ करत होती, तर बाईंनी तिला पुस्तकांचा गठ्ठा कपाटात ठेवायला पाठवलं. एकानं कुत्सित काहीतरी म्हटलं, तर त्याच्या शेजारणीचं शांत बसण्याबद्दल कौतुक केलं आणि त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे सगळं ती इतक्या सहज करायची, की अनोळखी माणसाला वाटावं ही पोरंच गुणी आहेत. लेनोरला माहीत होतं, त्यामागं किती लक्ष आणि किती माया लागते ते. अशी बाई आपल्याला लहानपणी भेटली असती तर, असं तिच्या मनात दरवेळी येऊन जायचं.

मग बाहेर जायची वेळ झाली. बर्फातल्या विजारी, बूट, टोप्या, हातमोजे. या भागातल्या शाळेत मुलांना बाहेर नेणं म्हणजे एक वरात सजवण्यासारखंच असतं. कोरीनचा त्याबाबत एक कायदा होता. ज्याचं आधी आवरलं त्यानं दुसऱ्याला मदत करायची, आणि शेवटच्या मुलाची चेन लागेपर्यंत रांग हलवायची नाही. सुट्टीतला वेळ गेला तरी चालेल. लेनोर बघत राहिली. मुलं गुडघे टेकून एकमेकांचे बूट ओढत होती. कुणी कुरकुरलं नाही.

पर्ल ऑस्ट्रँडर नावाच्या चुणचुणीत मुलीनं एकाची अडकलेली चेन हळुवार सोडवली. कोरीननं आज मुरंब्याची नवी रिकामी बाटली ठेवली होती. पहिला खडा पर्लचा, असं म्हणत ती तिकडं वळली. ते दिसताच पर्लनं त्याच मुलाची टोपी खेचून कोपऱ्यात भिरकावली आणि बाईंकडे बघून जीभ काढली.

कोरीन थबकली. खडा तिच्या हातातच राहिला.

मुलं मैदानात गेल्यावर लेनोर म्हणाली, "कोरीन, यांची एवढ्या महिन्यांची कमाई गेली. सकाळी किती जण रडले?"

कोरीन विचारात पडली. "एकही नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. मी रूडीच्या काळजीत होते."

"पर्लला या आठवड्यात काय काम दिलंयस?"

"हजेरी घेऊन ऑफिसात जायचं. का?"

"ऑफिसात गेल्या काही दिवसांत असं काय बोललं गेलंय, जे तू मला सांगितलं नाहीस?"

कोरीननं दार लोटून घेतलं. गेल्या महिन्यात रूडी शाळेतून पळून गोठलेल्या सरोवरावर गेला होता, तेव्हापासून कर्टिसनं ठरवलं होतं की वसंतापर्यंत त्याला शाळेबाहेर कुठंच न्यायचं नाही. म्हणजे टेकडीवरसुद्धा नाही. कोरीन त्यावरून ऑफिसात रोज भांडत होती. रूडीला तिनं सांगितलं नव्हतं, कारण जिंकू अशी तिला आशा होती.

"बरणी भरेल त्या दिवशी बाकी सगळे टेकडीवर जाणार," ती म्हणाली, "आणि तो ऑफिसात बसून चित्रं रंगवणार. ज्या दिवशी हे कळेल त्या दिवशी मी त्याला कायमची गमावणार, लेनोर."

४

रूडी ऑफिसामागच्या खोलीत टेबलाखाली बसला होता. लेनोरनं खुर्चीचा नाद सोडला आणि कण्हत कण्हत फरशीवर बैठक मारली. तिच्या डब्यात पेस्टी होती, मटण-बटाटा भरलेली, मोठ्या भाजक्या करंजीसारखी. तिनं ती मोडून अर्धी टेबलाखाली सरकवली. थोड्या वेळानं ती आत ओढली गेली.

"मी खडे घेतले नाहीत," टेबलाखालून आवाज आला. "सगळे म्हणतात घेतले."

"बरणी कशी होती, ते सांग."

"हलकी." त्यानं तोंडातला घास गिळला. "मी रोज येऊन आधी उचलून बघतो. आज उचलली तर हलकी. मला कळलं, आता सगळे म्हणणार रूडीनं केलं. म्हणून फोडली."

"आणि काल?"

"काल गळ्यापर्यंत होती. बसला जायच्या आधी मी हात घालून बघितलं. या आठवड्यात सगळ्यात जास्त खडे मी मिळवलेत, ठाऊक आहे? बाईंना विचारा. बाकीचे येड्यासारखं करत होते. मी त्यांना सांगत पण होतो, नीट वागा रे, थोडेच राहिलेत."

लेनोरचा घास हातातच राहिला.

गर्दीत आवरणं रूडीला झेपत नाही, म्हणून घरी जाताना त्याला रोज सगळ्यांच्या आधी, इतरांनी बूट चढवायला घ्यायच्याही आधी, बसपर्यंत पोचवतात. तो काल गेला तेव्हा बरणी भरलेली होती. तो आज आला तेव्हा ती रिकामी होती. मधल्या वेळात वर्गात कोण होतं, हे आता तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

"रूडी," ती उठता उठता म्हणाली, "उरलेली पेस्टी पण खा. मी येतेच."

५

"अशक्य आहे," कर्टिस म्हणाला. "सगळ्या वर्गानं?"

"ऐक. बर्नाडीनला खड्यांचा आवाज आला नाही. म्हणजे बरणी कुणी ओतली नाही. खडे हातानं, मूठ मूठ करून काढले गेले. मूठ मूठ करून एकट्यानं काढायचे तर वेळ लागतो, आणि कोरीनच्या नजरेतून ते सुटत नाही. पण घरी जायच्या वेळी ती एकेकाच्या चेनपाशी गुडघे टेकून असते, आणि प्रत्येक मूल लोकरी हातमोजे घालून बरणीच्या फळीजवळून जातं. लोकरीत खडा वाजत नाही. बाहेरून जाकीट तसंच, म्हणून बरणी भरलेलीच दिसली."

"पण का? बक्षीस तर त्यांचंच होतं."

"सोमवारपासून हा वर्ग बिघडलाय. पर्ल त्याच दिवशी हजेरी घेऊन इथं आली असणार, आणि रूडीला टेकडीवर न्यायचं नाही हे तू दार उघडं टाकून फोनवर बोलत असणार. आठवतं?"

कर्टिसला आठवलं. त्याचे कान लाल झाले.

"त्यांनी आधी खडे मिळवायचेच थांबवले. त्यासाठी पोरं मुद्दाम वाईट वागली. मी स्वतः बघितलं, पर्लला खडा मिळणार असं दिसताच तिनं टोपी भिरकावली. पण एक जण ऐकेना. त्याला काहीच माहीत नव्हतं आणि तो जन्मात वागला नसेल इतका चांगला वागत होता. रूडी मिळवतच होता, कर्टिस. तो स्वतःच्या हातानं ती बरणी भरत होता. मग तिला रिकामी करण्यावाचून त्यांच्यापुढं काय उरलं होतं?"

कर्टिस हळूच म्हणाला, "असं असेल तर आज सकाळी त्यांनी सांगितलं का नाही? पोरगा शाळेतून जायची पाळी आली."

"कारण आपण त्यांना काय सांगितलं? एका मुलाच्या शिक्षेबद्दल दुसऱ्या मुलाशी बोलायचं नाही, हा आपला नियम. त्यामुळे आपण सांगितलं, बरणी पडून फुटली, आणि रूडीला बरं नाही म्हणून तो आज वर्गात नाही. त्यांना वाटतंय त्यांचा बेत पार पडला. त्याच्यावर आळ आलाय, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही."

कर्टिस पुन्हा नियमाचं काढायला लागला. इतका वेळ दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या कोरीननं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "मी नियम मोडणार नाही," ती म्हणाली. "फक्त त्यांच्याशी खोटं बोललेलं मागं घेणार आहे."

वर्गात जाऊन ती मुलांच्या मधोमध जमिनीवर बसली. ओरडली नाही, कुणी केलं हेही तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. रूडी आजारी नाही. ते सांगून मी चूक केली, मला माफ करा."

एवढंच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली; बरणी फुटलेली आणि रूडी वर्गात नाही, याचा अर्थ त्यांनीच लावला. पहिली पर्ल उठली. तिनं आपल्या कप्प्यातून बर्फातला बूट काढला, उलटा केला, आणि मूठभर खडे गालिच्यावर पडले. मग दुसरा उठला, मग सगळेच. हातमोज्यांतून, टोप्यांतून, दप्तराच्या तळातून खडे निघत राहिले. भिंतीपलीकडच्या बर्नाडीनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण त्या दिवशी त्या आवाजाबद्दल काही बोलल्या नाहीत.

रिकामा बूट अजून पर्लच्या हातातच होता. "आम्ही चोरले नाहीत, बाई. परत टाकणारच होतो. त्याला येता येईल तेव्हा."

"पण का गं? मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणता ना," पर्ल म्हणाली. जे इतकं उघड आहे ते बाईंना का कळत नाही, असा तिचा चेहरा होता. "शेवटच्या मुलाचं आवरेपर्यंत रांग हलत नाही. रूडीचं अजून आवरलं नव्हतं."

कोरीननं तोंडावर हात ठेवला. लेनोर मागं उभी होती. इतक्या वर्षांत मुलांच्या वागण्याविषयी तिनं जे जे वाचलं होतं, त्यात असलं काही कुठंच नव्हतं. तिला या वर्गाचा, आणि ज्या बाईनं तो घडवला होता तिचा, इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला तिनं रुमालही शोधला नाही.

६

दुपारी रूडीची आई आली. शेरीलिन लॅम्पिनेन इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि कामावरूनच तशीच धावत आली होती. खुर्चीच्या टोकावर, कोटाची बटणंही न काढता ती बसली. या खोलीत बोलावल्यावर कसं बसायचं ते तिला पाठ झालं होतं.

"काय मोडलं त्यानं?" तिनं विचारलं. "मी भरून देईन. फक्त त्याला इथून काढू नका."

कर्टिसनं समोरचे कागद उचलून खणात टाकले. रूडी इथंच राहणार, असं तो म्हणाला. बरणी फोडल्याबद्दल त्याला नवी आणायला मदत करावी लागेल आणि व्हर्लिनच्या मनगटाबद्दल माफी मागावी लागेल, ते सुटणार नाही. टेकडीचं काय करायचं यावर तो अडखळला, तेव्हा दारात टेकून उभा असलेला व्हर्लिन म्हणाला, "मी जाईन त्याच्याबरोबर टेकडीवर. एक हात चांगला आहे अजून. त्याला धरायला तेवढा पुरतो."

मग लेनोरनं सगळी हकीकत सांगितली. रूडी आईच्या खुर्चीमागं उभं राहून ऐकत होता. मुठी आवळलेल्या, कधीही पळेल असा. ऐकता ऐकता मुठी सुटल्या.

"पर्लनं पण?" त्यानं मधेच विचारलं. "तिची घसरगाडी नवी आहे. तिनं अजून एकदाही चालवली नाही."

"पर्लनं सगळ्यात आधी," लेनोर म्हणाली.

रूडीनं आईच्या कोटात तोंड खुपसलं, आणि मग ते पोर असं रडलं की बाहेर ऑफिसातल्या बाईंनी टाइप करायचं थांबवलं. शेरीलिननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दरवर्षी, दर महिन्याला तिला या शाळेत बोलावणं यायचं, आणि दर वेळी ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. आज मात्र तिनं मान वर केली, पण पुढं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

"तुमची हरकत नसेल तर," ती लेनोरला म्हणाली, "ते पुन्हा एकदा सांगाल का?"

लेनोरला अजून एका शाळेत पोचायचं होतं आणि बाहेर बर्फ पडायला लागला होता. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सुरुवातीपासून पुन्हा सांगायला घेतलं.